पेटीबाहेरची दमयंती

मुंबईहून परतल्यापासून विहिरीवर, देवळात, तिठ्यावर बायका एकच विचारतात. "राणीची बाग बघितलीस?" नाही. "चौपाटीवर भेळ खाल्लीस?" नाही गो. "मग चार दिवस केलंस तरी काय?" एकेकीला सांगून घसा बसला, तेव्हा म्हटलं एकदाच लिहून काढावं. मी शाळेत गेले नाही, भावाच्या पाटीवरून अक्षरं उचलली, तेव्हा चुकेल तिथं सांभाळून घ्या. तर मी मुंबई बघितली ती एका लाकडी बाईला कडेवर घेऊन, आणि तिच्या नवऱ्याच्या नजरेला तिला पडू न देता.

आमचं घर कळसूत्री बाहुल्यांचं, हे कुडाळकडच्या माणसांना सांगायला नको. परक्यांसाठी सांगते. हातभर उंचीच्या, पांगाऱ्याच्या लाकडाच्या बाहुल्या, वरून दोरे, आणि दोरे धरून कथा सांगणारा माझा थोरला भाऊ, आबा. मी त्याची झीलकरीण. म्हणजे टाळ धरायचे, त्याच्या मागून सूर ओढायचा आणि कथा थबकली की विचारायचं, "मग काय झालं?" परगावच्या खेळाला खरं तर गावाकडचा धाकटा पुतण्या जातो, पण त्याची बायको दिवसांत होती, म्हणून बोटीत मी चढले. बोटीबद्दल काही लिहीत नाही. पोटात होतं ते सगळं समुद्राला दिलं, एवढं पुरे.

गिरगाव

बोलावणं होतं पाठारे मास्तरांचं. हे गिरगावातले जुने शाळामास्तर. धोतराला एक सुरकुती नाही, आणि बाहुल्यांचं वेड लहान पोरासारखं. देशोदेशीचे बाहुलीवाले एका मंचावर आणायचे, असं त्यांनी मनावर घेतलेलं. प्रत्येकाला वीस मिनिटं. मास्तरांच्या एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात शाळेची घंटा.

आधी त्यांनी आम्हाला साबुदाणावडा आणि पियूष दिलं. पियूष म्हणजे काय विचाराल, तर आपल्या ताकाला लग्नात नटवलं तर जसं लागेल तसं. आबा दोन पेले प्यायला आणि म्हणाला, "ह्यां रोज गावला तर मी मुंबय सोडूचंय नाय."

पहिला खेळ राजस्थानच्या नाथूबाबांचा. त्यांच्या बाहुल्यांना पाय नसतात, लांब घागराच असतो. पण घागरा असा काही फिरतो की पाय आहेत असंच वाटतं. नाथूबाबा स्वतः बोलत नाहीत. तोंडात बांबूची शिट्टी धरतात, बाहुली चिवचिव करते, आणि शेजारी ढोलक घेऊन बसलेली त्यांची बायको ती काय बोलली ते सांगते. मला हे फार आवडलं. आमच्याकडे बाहुलीचं सगळं पुरुषच बोलतो. इथं बाई सांगेल तोच बाहुलीचा अर्थ.

दुसरी एक परदेशी मडम. तिच्या देशाचं नाव मास्तरांनी तीनदा सांगितलं, मला एकदाही म्हणता आलं नाही. तिची बाहुली हातात घालायची, मोज्यासारखी. नाक आकडीसारखं, पाठीला पोक, हातात सोटा. मडम पडद्याखाली बसून हात वर करते. आम्ही वरून नाचवतो, ती खालून! तो नाक्या जो येईल त्याला बडवतो. शिपाई आला, बडवला. सावकार आला, बडवला. यमालासुद्धा बडवला. लोक हसून हसून लोळले. आपल्याकडे यमाला हात जोडतात, आणि तिकडे सोटा. मला जरा भीतीच वाटली, पण हसू काही थांबेना.

मग आमची पाळी. ठरलं होतं दमयंतीचं स्वयंवर. स्वयंवरात चार देव नळाचंच रूप घेऊन बसतात, म्हणून आम्ही पाच सारखे नळ आणि एक दमयंती एवढंच आणलं होतं. बाकी पेटारा घरी. मास्तरांच्या हॉलच्या शेजारचा एक तरुण मृदंगाला. दमयंतीनं खऱ्या नळाला ओळखलं, माळ घातली, टाळ्या झाल्या, आबानं दोरे वर घेतले. खेळ संपला.

आणि मी विचारलं, "मग काय झालं?"

अहो, चाळीस वर्षांची सवय! तोंडातून निघून गेलं. आता झील विचारते तेव्हा सांगणाऱ्यानं सांगायचंच असतं. आबानं माझ्याकडे असं बघितलं की मी टाळांच्या मागे तोंड लपवलं. पण त्याचे हात चालू झाले. एका देवाला नळाचा भाऊ पुष्कर करून फासे टाकवले, राज्य घालवलं, नवराबायकोला रानात नेलं. दमयंती झोपली. आमच्या दमयंतीचं लुगडं मधोमध नुसतं टाचलेलं असतं. नळानं अर्धं ओढून घेतलं, अंगाला गुंडाळलं आणि तिला तिथंच टाकून निघाला.

घण घण घण! मास्तरांनी घंटा दिली. पडदा पडला.

पडद्यामागे आबा खाली बसला. "बाये, तू ह्यां काय केलंस?"

"सवयीनं गेलं रे तोंडातून."

"गेलां तां गेलां. आता हिका पेटीत घालूची नाय."

आमच्या घरची रीत आहे ही. कथा अर्धी राहिली तर बाहुली पेटीत जात नाही. दुःखात झाकलेली बाहुली आतून कुजते, असं आमचे वडील सांगत. आणि ज्या गावात कथा फोडली त्या गावाच्या वेशीतच ती पुरी करायची, ऐकणाऱ्यांचा जीव टांगून ठेवून गाव सोडायचं नाही. सोडलंच, तर ती बाहुली पुन्हा कधी नाचवायची नाही, वाहत्या पाण्याला द्यायची. वडिलांच्या काळात असा एक अभिमन्यू कर्ली नदीच्या पात्रात गेलेला मी डोळ्यांनी बघितलाय. ही दमयंती वडिलांच्या हातची. शेवटची. पुढं त्यांचे हात थरथरायला लागले. बोट चौथ्या दिवशी सकाळी. म्हणजे मधे दोन दिवस.

लालबाग

वसंता, आबाचा मुलगा, लालबागला गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. त्याच्या चाळीत आम्ही उतरलो होतो. पण तिथं पोचायला ट्राम, आणि आबाचा नवाच हट्ट. "नळान तिका टाकलेली आसा. दोघांका एका ट्रामीत बसवूचां नाय." तेव्हा आबा नळाला घेऊन पुढच्या ट्रामनं गेला आणि मी दमयंतीला मांडीवर घेऊन मागच्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, बाहुलीचं तिकीट नको, पण तिला सरळ धरा, माझ्याकडे टक लावून बघतेय."

लालबागला उतरलं की आधी नाक सांगतं. गल्लीत मिरच्या कुटतात हो, पोत्यांनी. डोळ्यांतून पाणी, आणि लोक त्यातच हसतबोलत चाललेले. चाळीच्या भिंतींवर डांबरानं मोठी मोठी अक्षरं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. तेव्हा सगळीकडे तेच. पोरं गोट्या खेळतानासुद्धा तीच घोषणा देऊन गोटी मारायची.

वसंताची बायको शेवंती, जीभ कोयत्यासारखी आणि मन लोण्याचं. गिरगावला तीही आली होती. तिनं बांगड्याचं तिखलं केलं होतं, ते पानात घालता घालता म्हणाली, "आत्या, पाच-पाच नळ आणलेत आणि पाणी एकाला नाही. आमच्या चाळीसारखंच झालं की."

आबा हसला, पण घास घेईना. "शेवंतीबाय, हसतंस काय? पुढच्या कथेक कर्कोटक साप होयो. सापान चावल्यावर नळाचो कुबडो बाहुक होता, तो होयो. रथाचे घोडे होये. सगळां घराकडे रवलां."

"आणि मुंबईची वेस कुठं धरायची?" मी विचारलं.

वसंता म्हणाला, "माहीमची खाडी धरा. तिच्या अलीकडे मुंबई."

आमच्या दमयंतीची बातमी चाळभर झाली. बायका येऊन बघायच्या. अर्ध्या लुगड्यातली बाहुली बघून एकीनं खणाचा तुकडा आणला, एकीनं मणी. आबा दारातून ओरडला, "काय घालू नका. नवरो गावल्याशिवाय हिका नवीन कापड नाय." एक म्हातारी बाहुलीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "माझी सून अशीच गावाकडे आहे. मुलगा दोन वर्षं गेला नाही. गिरणी सोडत नाही त्याला." मला तेव्हा कळलं, की ही रीत फक्त आमच्या घरची म्हणून पाळायची नव्हती.

"मामांनू," शेवंती एकदम म्हणाली, "त्या मडमेचा नाक्या आहे ना, कुबड आहे, तोंड वाकडं आहे. तुमचा बाहुक आणि तो काय वेगळा?"

आबा म्हणाला, "तो खालसून हातात घालतत."

"मग मडम खाली, तुम्ही वर. चाळीत नाही का आम्ही राहत?"

भायखळा

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंती आणि मी भायखळ्याला. भाजीबाजाराच्या मागे नाथूबाबांचा मुक्काम होता. आणि असा बाजार मी जन्मात बघितला नव्हता. आपल्या आठवड्याच्या बाजारातली सगळी भाजी तिथल्या एका बाईच्या टोपल्यांत मावली असती. कोथिंबिरीचे ढीग इतके की त्यांत वासरू हरवावं. एका भाजीवालीनं मला हाक मारली, "बाळाला ऊन लागतंय, पदर घे!" मी जवळ नेऊन दाखवली, तर ती दचकली, मग पोट धरून हसली आणि मग सगळी कथा विचारून घेतली. निघताना तिनं अबोलीचा गजरा पुढं केला. म्हटलं, नवरा भेटल्यावर. म्हणाली, "मग भेटव लवकर, फुलं काय थांबत नाहीत."

नाथूबाबा बाजेवर बसून चिलीम साफ करत होते. आमची अडचण ऐकून त्यांनी दमयंतीला हातात घेतलं, मान हलवून बघितली, सांधे बघितले. वैद्य बघतो तसं. म्हणाले, "हम भी पुतली नदी में छोड़ते हैं, माईजी. पर बूढ़ी को. जिसने उमर भर काम किया, थक गई. ये तो अभी दुल्हन है." बायकोकडे बघितलं. ती उठली, पेटी उघडली, आणि गारुड्याचा साप काढला. कापडी, लांबलचक, दोरा ओढला की फणा काढणारा. मग एक स्वारही काढला, घोड्यासकट.

"घोडा मिलेगा," ती म्हणाली, "सवार नहीं उतरेगा. सिला हुआ है."

मग बाहुक ज्याचा रथ हाकतो तो राजा ऋतुपर्ण राजपुती पगडीत, असं ठरलं. नाथूबाबांनी भाडं तर नाहीच घेतलं, उलट म्हणाले, आम्हीही येतो, माझा साप दुसऱ्याच्या हातानं फणा काढत नाही.

परत येताना लालबाग ओलांडून परळला उतरलो, वसंताच्या खात्यातल्या सदाशिवकडे. त्याच्यासारखी ढोलकी साऱ्या गिरणगावात नाही, म्हणे. दारावर बाबासाहेबांचा फोटो, ताजा हार. सदाशिवानं चहा दिला आणि सरळ सांगितलं, "मावशी, राग मानू नका. दीक्षा घेतल्यापासून मी देवाधर्माचं वाजवत नाही."

आबा तिथं आधीच नळाला घेऊन येऊन बसला होता. दमयंती आत आली तसं त्यानं नळाचं तोंड भिंतीकडे वळवलं, आणि म्हणाला, "आमचे देव स्वयंवरातच संपले. आता उरलो तो एक चुकलेलो घोव, बायलेक रानात टाकून गेलेलो."

सदाशिव मोठ्यानं हसला. "नवऱ्याची चूक होय? मग वाजवतो. तिला देव कशाला लागतो?"

पुन्हा गिरगाव, आणि मास्तरांची घंटा

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांकडे गेलो. माझी चूक मी कबूल केली. मास्तरांचा चेहरा उतरला. "चूक तुमची नव्हे. घंटा मी दिली. दमयंती रानात झोपलेली, आणि मी घड्याळ बघत होतो!" पण हॉल मिळेना. त्या दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कला मोठी सभा होती, साऱ्या मुंबईचे पाय तिकडे लागलेले. हॉल मिळाला असता तरी इथं कोण येणार ऐकायला?

मडम मास्तरांकडेच उतरली होती. मास्तर तिला आमची अडचण आणि नाक्याचं मागणं इंग्रजीत सांगत होते, आणि ती माझ्या मांडीवरच्या दमयंतीकडे बघत होती. मधेच तिनं काही विचारलं. मास्तर म्हणाले, "विचारतेय, तुम्ही हिला तीन दिवस अशाच घेऊन फिरताय?" मी मान हलवली. तिनं नाक्याला पिशवीतून काढलं, त्याच्या हातातला सोटा सोडवून टेबलावर ठेवला आणि चपला घातल्या.

"चला," मास्तर म्हणाले, "माणसं जिथं आहेत तिथं जाऊ."

शिवाजी पार्क

मैदान म्हणजे काय, तर आपली दोन्ही वाड्यांची शेतं एकत्र करा आणि बांध काढून टाका. सभा संध्याकाळची, पण माणसं दुपारी तीनपासूनच. मोर्चानं आलेली, रेल्वेचा पूल ओलांडून आलेली. लालबागच्या बायका पोळीभाजीची फडकी सोडून गवतावर बसलेल्या. एका कडेला क्रिकेटच्या जाळीचे खांब होते. वसंता आणि सदाशिवानं त्या खांबांना धोतर बांधलं, की झाला आमचा मंच. खाली मडम गुडघ्यांवर, वर खोक्यावर उभा आबा, बाजूला नाथूबाबा साप घेऊन, आणि मी टाळ घेऊन.

आबानं आरंभ केला. "विदर्भाच्या भीमक राजाची लेक, दमयंती..."

"विदर्भ!" मागून कोणीतरी ओरडलं. "विदर्भाची! म्हणजे आपलीच!"

आणि मग काय विचारता! हजार गळ्यांतून विदर्भासह संयुक्त महाराष्ट्राचा असा गजर उठला की पडदा हलला. आबा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. साठ वर्षांत विदर्भाचं नाव घेतल्यावर कोणी टाळीसुद्धा दिली नव्हती. सभेची माणसं आमच्याकडे सरकली. मागोमाग एक फौजदारही आला, छडी काखेत.

"हे काय चाललंय? विदर्भाचं भाषण करायची परवानगी आहे?"

"भाषण नाय, सायबानू," आबा वरूनच म्हणाला. "ह्यां लगीन पांडवांच्या आदलां आसा."

"पाच मिनिटांत आटपा."

ढोलकीमागून सदाशिव म्हणाला, "साहेब, बायको टाकायला पाच मिनिटं पुरतात. शोधायला नाही पुरत." बायका हसल्या. फौजदार तिथंच उभा राहिला, मला वाटतं पाच मिनिटं मोजायला.

सापानं फणा काढला. नाथूबाबांची शिट्टी वाजली, नळ खाली गेला, आणि धोतराच्या खालच्या काठावरून नाक्या वर आला! आकडीचं नाक, पाठीला पोक. लोक खदखदले. बाहुक झालेला नळ ऋतुपर्णाच्या घरी आचारी. मडमेला शब्द कळत नव्हता, पण आबाच्या आवाजावरून ती हात हलवी. नाक्यानं पोळ्या लाटल्या, चव घेतली, बोटं चाटली. तो जन्मभर माणसांना बडवत आलेला, इथं पोळी उलटताना हात भाजून घेतला, फुंकर मारली. शेवंती ओरडली, "ह्याला आमच्या चाळीत पाठवा!"

मग रथ, दमयंतीच्या माहेरी विदर्भाला जायचा. नाथूबाबांचा घोडा निघाला आणि मैदानानं रस्ता धरला. "कसारा घाट आला!" एकजण. "मनमाड!" दुसरा. "भुसावळ!" "वर्धा!" आबा थांबून थांबून हसत होता. शेवटी सगळं मैदान एका सुरात ओरडलं, "आला विदर्भ!"

आणि समोर मी दमयंतीला आणली. आबाच्या हातात तिचे दोरे दिले. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा दोऱ्यावर उभी राहिली, अर्ध्या लुगड्यात.

आमच्या कथेत पुढचं असं, की दमयंती त्याच्या रांधण्याची चव ओळखते, हा नळच आहे म्हणते आणि पाया पडते. आबानं तिला पुढं नेली, वाकवायला दोरा ढिला केला.

"एवढ्यात नको!" लालबागच्या त्या म्हातारीचा आवाज. "तिनं का पडायचं पाया? त्याला विचारा, का टाकून गेलास?"

"विचारा!" बायकांचा सगळा घोळका.

आबाचा हात तसाच थांबला. वडिलांकडून आलेल्या कथेत नळाला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. ढोलकी थांबली. मी आबाकडे बघतेय, आबा दमयंतीकडे.

आणि खालून नाक्या हलला. हळूहळू पुढं आला. कोणी काही सांगितलं नव्हतं त्या मडमेला. प्रश्न तिला कळला असणं शक्य नाही, पण बायकांचा आवाज कळला असेल. नाक्यानं दोन्ही हात आपल्या वाकड्या तोंडावर ठेवले. मग तो पोक घेऊन जितकं वाकता येईल तितकं वाकला, आणि त्याचं ते आकडीचं नाक दमयंतीच्या पावलांवर टेकलं.

म्हातारी म्हणाली, "हं. आता उचला त्याला."

आबानं दमयंतीचा हात हलवला. तिनं नाक्याच्या कुबडावर हात ठेवला, तसा तो खाली गेला आणि वरून नळ उतरला, खांद्यावर अर्धं लुगडं. सदाशिवाची ढोलकी अशी काही सुटली की फौजदाराचा पाय हलताना मी स्वतः बघितला. शेवंतीनं धावत येऊन खण दिला, कोणी मणी दिले, कोणी डोक्यातला गजरा काढून दिला. धोतरामागून मडम बाहेर आली तेव्हा तिचे गुडघे मातीनं माखलेले आणि डोळे लाल. आबानं तिला वाकून नमस्कार केला. तिनंही केला, आमच्यासारखाच, नुसता बघून शिकलेला. नाथूबाबांची बायको म्हणाली, "अब तो वो सोटा नहीं उठाएगा." मास्तरांनी ते मडमेला सांगितलं, तर तिनं जोरजोरात मान हलवली. उठवणार म्हणे, उद्याच, तिच्या देशातली पोरं त्याशिवाय ऐकणार नाहीत.

तिकडं सभा सुरू झाली, माणसं मोठ्या मंचाकडे वळली. आम्ही गवतावर बसून लालबागच्या बायकांच्या पोळ्या खाल्ल्या, सुकं खोबरं आणि लसणाच्या चटणीशी. नाथूबाबांना तिखट लागलं, मडमेला नाही!

मग आबानं पेटी पुढं ओढली. आधी चारही देव ठेवले. मग नळाला ठेवला, आणि माझ्याकडे हात केला. मी दमयंतीला नवा खण नीट नेसवून त्याच्याशेजारी निजवली. आबानं झाकण लावलं, दोरी आवळली.

मी तशीच बसून होते, हात तिला कडेवर घेतल्यासारखा वाकवून. थोड्या वेळानं शेवंतीनं माझं कोपर धरून हलवलं. "आत्या, झोपली ती," म्हणाली, "हात सरळ करा आता."